पंप बोलला की बदलू

आमच्या बिल्डिंगमधले चुरीकाका आजचा पेपर वाचायच्या आधी कालचा पेपर वाचायचे. तोही गाडीखाली पालथं झोपून. संध्याकाळी ते जुना पेपर इंजिनाच्या बरोबर खाली अंथरायचे, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि सकाळी उठून त्यावर कुठे हिरवा डाग पडलाय का ते शोधायचे. बातम्यांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. एकदा कुठल्याशा पुढाऱ्याच्या फोटोवर, बरोबर कपाळावर, हिरवा ठिपका सापडला. काकांचा चेहरा पांढराफटक. त्यांनी बोटाने ठिपका टिपला, नाकाशी नेला आणि आम्ही "अहो काका, नको!" म्हणेपर्यंत जिभेवर ठेवला.

"कोथिंबीर," ते म्हणाले आणि भिंतीला टेकून खालीच बसले. त्या पेपरात आदल्या दिवशी कुणीतरी वडे बांधून आणले होते.

मी घाबरट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. पालीला घाबरते, विजेला घाबरते, तलासरीच्या ज्या शाळेत शिकवते तिथे तपासणीला साहेब आले की माझे हातपाय गार पडतात. पण चुरीकाकांपुढे मी वाघीण. हा माणूस एकाच गोष्टीला घाबरायचा आणि त्या एका गोष्टीला दिवसभर पुरवून पुरवून घाबरायचा. ती गोष्ट म्हणजे त्यांच्या गाडीचा वॉटर पंप.

काका रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. २०१४ साली रिटायर झाले, क्वार्टर सोडलं आणि डहाणू रोडला आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायला आले. टेम्पोतून उतरलं काय, तर एक लोखंडी पलंग, दोन पातेली, एक कपाट. आणि टेम्पोच्या मागून हळूहळू, नवरदेवाच्या घोड्याच्या चालीने आली ती गाडी. पिवळीधम्मक, बसकी, दोन दारांची, दोनच सीटांची, परदेशी बनावटीची स्पोर्ट्स कार. घोलवडच्या एका चिकूवाडीच्या मालकाची होती. ते मुलांकडे परदेशी निघाले आणि जाताना गाडी काकांना विकून गेले. अख्खी बिल्डिंग गॅलरीत. आमच्या ह्यांच्या तोंडाला मुळीच कडी नाही. त्यांनी वरूनच विचारलं, "काय चुरीसाहेब, यात भाजी तरी मावते का?"

"मावते," काका म्हणाले. "पालेभाजी."

माणूस एकटा. भिंतीवर बायकोचा हार घातलेला फोटो नाही म्हणून विधुर म्हणायला जीभ धजेना, आणि ब्रह्मचारी म्हणावं तर हाताला पोळ्या करायची सवय नव्हती. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आणि अशा माणसाने वाऱ्यासारखी पळणारी गाडी घ्यावी, ती मात्र सायकलवाल्यांना पुढे जाऊ देत चालवावी! सरावलीच्या रस्त्यावर एकदा त्यांना बैलगाडीने ओव्हरटेक केलं, असं पोरं सांगतात. मी पाहिलेलं नाही, पण मला खोटंही वाटत नाही.

पंपाचं ज्ञान मला त्यांनी माझ्या इच्छेविरुद्ध दिलं. मी शाळेत जायला निघाले की ते जिन्यात गाठायचे. "बाई, इंजिन तापतं. त्याला गार ठेवायला पाणी फिरवावं लागतं. ते कोण फिरवतं?"

"पंप," मी म्हणायचे. मुकाट्याने म्हटलं की लवकर सुटका व्हायची.

"शाबास. आता त्या पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. कारखान्यातच मुद्दाम ठेवलेलं. आतलं सील झिजलं की त्या भोकातून हिरवं पाणी टपकतं. ते भोक म्हणजे त्याचं तोंड. पंप असा एकाएकी दगा देत नाही हो. आधी टपकतो, मग कण्हतो, मग त्याची पुली, म्हणजे पट्ट्यावर फिरणारं चाक, डुगडुगायला लागते. तो बोलतो! आपलं लक्ष नसतं."

कण्हणं ऐकायला त्यांना काहीतरी लाकडी दांडकं हवं होतं. एक टोक पंपाला टेकवायचं, दुसरं कानाला. यासाठी माझं लाटणं गेलं. "बाई, दोन मिनिटं द्या" म्हणून नेलं आणि मी कणीक मळून अर्धा तास वाट बघत बसले. परत आलं ते साबणाने धुऊन, पण मी म्हटलं, आता हे तुमच्याकडेच राहू द्या.

नवा पंप त्यांच्याकडे होता बरं का! २०१५ सालीच मुंबईहून मागवून ठेवलेला. तो ते गाडीच्या दुसऱ्या सीटवर ठेवायचे, टॉवेलात गुंडाळून आणि वरून पट्टा लावून. मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, नवा पंप शेजारी बसलाय, जुन्याची काळजी करताय. बदलून मोकळे व्हा ना!"

"असं कसं बाई? चालता पंप उपटून काढायचा? नव्याचंच सील कच्चं निघालं तर? लवकर बदलला तर चांगला फेकला म्हणून जीव हळहळतो, उशिरा बदलला तर इंजिन शिजतं. मधली वेळ गाठता आली पाहिजे. पंप बोलला की बदलू."

चारोटीला हायवेच्या कडेला रमणभाई मिस्त्रींचं गॅरेज आहे. काका दर महिन्याला तिथे जायचे, बॉनेट उघडायचे, रमणभाई पुली हलवून बघायचे. "काका, आज पण नाय? तो क्यारे बदलायचा?" ते हसून विचारायचे. काका म्हणायचे, "अजून बोलला नाही." मग दोघं चहा प्यायचे आणि गाडी होती तशी परत यायची.

अशी मजेत चार वर्षं गेली आणि आणखी चार गेली असती. पण २०१८ची दिवाळी झाली आणि जमीन हलायला लागली.

पहिल्यांदा कुणाचा विश्वासच बसेना. लोक म्हणाले, कुठे तरी खाणीत सुरुंग लावतात. आमच्या बिल्डिंगीत मात्र संशय थेट पिवळ्या गाडीवर गेला, कारण पहिला मोठा हादरा बसला तेव्हा सकाळची वेळ होती आणि काका बॉनेटमध्ये डोकं खुपसून, माझं लाटणं कानाला लावून उभे होते. खालून घुर्र असा आवाज आला, भांडी वाजली, माझ्या घरातला पंखा झुलला. आम्ही सगळे जिन्यावरून एकमेकांच्या अंगावर पडत खाली आलो. पाहतो तर काका लाटणं उंचावून ओरडतायत, "बोलला! बोलला! बेअरिंग गेलं!" चेहरा असा फुललेला, की जणू पोराचा दहावीचा निकाल लागलाय.

"अहो, जमीन हलली!" कुणीतरी ओरडलं.

काकांनी पुली हलवून पाहिली. पुली घट्ट. तेव्हा कुठे त्यांचा चेहरा उतरला आणि ते आमच्याइतकेच घाबरले.

त्यानंतर काय विचारता! धक्के यायचेच. कधी दिवसात एक, कधी लागोपाठ. तलासरीच्या बाजूला, धुंदलवाडीकडे, जोर जास्त. घरांना भेगा, कौलं खाली. माझ्या शाळेने वर्ग मैदानात भरवायला सुरुवात केली. पाड्यांवरची माणसं घराबाहेर ताडपत्रीखाली निजायला लागली. मी भाकरी थापताना एक डोळा पाण्याच्या ग्लासावर ठेवायचे. पाणी थरथरलं की चपला. खरं सांगते, त्या दिवसांत मला ट्रक गेला तरी रडू यायचं.

आणि अशात काका रोज सकाळी गाडी चालू करून पंपाचा आवाज ऐकणार! त्या गाडीची घरघर आणि भूकंपाची घरघर, दोन्ही भिंतीतून सारखीच यायची. लागोपाठ तीन सकाळी अख्खी बिल्डिंग टॉवेल गुंडाळून, तोंडाला ब्रशचा फेस घेऊन खाली धावली. मग सेक्रेटरींनी काकांना तंबी दिली की गाडी चालू करण्याआधी ओरडून सांगायचं. त्या दिवसापासून काका रोज सकाळी अंगणात उभे राहून भाजीवाल्याच्या सुरात पुकारा करायचे, "गाडी चालू करतोय होऽऽ! भूकंप नाही!"

आम्ही निर्धास्त झालो. इतके निर्धास्त, की एका सकाळी काकांनी पुकारा केला, घरघर झाली, कपबशा खुळखुळल्या, देव्हाऱ्यातली समई आडवी झाली, तरी आम्ही चहा पीत बसलो. आमचे हे तर म्हणाले, "आज गाडीने पिकअप चांगला घेतलाय." एवढ्यात खालून काकांचा चिरका आवाज आला, "अहो, मी किल्ली फिरवलेलीच नाहीऽऽ!"

माझ्या हातातली बशी कुठे पडली ते मला आजही आठवत नाही. खाली आल्यावर मी काकांच्या गाडीलाच धरून उभी राहिले. सगळे हसत होते आणि सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्याच सुमारास पंप खरंच बोलला. जानेवारी लागला होता. पेपरवर डाग पडला, हिरवा, रुपयाएवढा. काकांनी चाखून पाहिला नाही. नुसते बघत राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी मोठा. बिल्डिंगला वाटलं, चला, आता मुहूर्त लागला. पण काकांनी नवा पंप तसाच पट्ट्यात ठेवला आणि रोज रेडिएटरमध्ये पाणी घालून गाडी चालवायला लागले. आमच्या बोरिंगचं खारं पाणी नव्हे, विकतचं, बॅटरीत घालतात ते.

"अहो, आता तर बोलला ना?" मी विचारलं.

"बोलला."

"मग?"

"पंप बदलायला रमणभाईला दोन दिवस लागतात, बाई. बसकी गाडी, समोरचं सगळं उतरवावं लागतं. दोन दिवस गाडी उघडी पडली आणि नेमका तेव्हाच मोठा आला तर?"

हे ऐकून मनातून उतरलेच ते माझ्या. बिल्डिंगीत कुजबुज सुरू झालीच होती. काका गाडी नेहमी गेटकडे तोंड करून लावायचे, टाकी भरलेली. सीटा दोन, माणूस एक. "पळणार म्हातारा एकटाच," सेक्रेटरी म्हणाले. "शेजारी पंपाला बसवील, पण कुणाच्या पोराला घेणार नाही." रोज संध्याकाळी ते "ट्रायल घेऊन येतो" म्हणून जायचे आणि चांगली रात्र झाल्यावर परतायचे. आम्हाला वाटायचं, पळायच्या रस्त्याची तालीम करतात. आम्हीही करायचो की! तोंडाने. कुणी पालघर म्हणायचं, कुणी विरारची बहीण, कुणी थेट पुणं. जो तो दक्षिणेकडे पळायचं ठरवून बसलेला.

फेब्रुवारीतली दुपार. बँकेच्या कामासाठी मी अर्धी रजा टाकून डहाणूत आले होते. घरात पाय ठेवला आणि तो आला. आतापर्यंतचे सगळे त्याच्यापुढे काहीच नव्हते. आधी आवाज, मग जमीन पायाखालून सरकल्यासारखी. मी दाराची चौकट धरली आणि मोठ्याने आईला हाक मारली. आई जाऊन नऊ वर्षं झालीत.

अंगणात आले तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं, शाळा. मुलं मैदानात असतील ना? का आज ऊन म्हणून कुणी आत बसवली? फोन लागेना. यांचा फोन लागेना, हेडसरांचा लागेना. एवढ्यात पिवळी गाडी चालू झाल्याचा आवाज आला. पुकाऱ्याशिवाय.

मी आडवी गेले. "काका, कुठे?"

"तलासरीकडे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. त्यांनी आतून दार उघडलं, पंपाचा पट्टा सोडला. "बसा बाई. हा मांडीवर घ्या. पाडू नका."

अशी मी आयुष्यात पहिल्यांदा स्पोर्ट्स कारमध्ये बसले. बसले म्हणजे, खड्ड्यात पडावं तशी पडले. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला पंप, बाळंतिणीने बाळ धरावं तसा धरलेला. आणि काका गाडी पळवायला लागले! आशागड कधी मागे पडलं कळलंच नाही. बैलगाडीला वाट देणारा तो माणूस ट्रकांना मागे टाकत होता. मी देवाचं नाव घेत होते, ते काट्याकडे बघत होते. इंजिन किती तापलंय ते दाखवणारा तो काटा चारोटीच्या अलीकडे वर सरकायला लागला.

चारोटीला गॅरेजसमोर गाडी उभी केली तेव्हा खालून हिरव्या पाण्याची धार लागली होती. रमणभाई धावत आले. पोतं हाताला गुंडाळून त्यांनी रेडिएटरचं झाकण सोडलं, वाफ भसकन वर गेली. पुलीला हात लावताच ती डुगडुगली.

"काका, सील पण गयुं, बेअरिंग पण गयुं. आता शूं बघायचं बाकी? पंप तर बेनच्या मांडीवर आहे. द्या. मी आत्ता खोलतो."

मी पंप पुढे केला. चार वर्षं ज्या घटकेची वाट बघितली ती आली होती. टपकून झालं, कण्हून झालं, डुगडुगून झालं. याहून स्पष्ट पंप काय बोलणार?

"आज नको," काका म्हणाले.

माझा संताप झाला. "अहो काका, रस्त्यात इंजिन शिजेल! तुम्हीच सांगता ना?"

"शिजू दे." त्यांनी हातातली पाण्याची बाटली रमणभाईंकडे दिली. "सुलभा तिकडे आहे."

मी रमणभाईंकडे बघितलं. कोण सुलभा?

"काकी," रमणभाई हळूच म्हणाले. "काका रोज सांजे तिकडेच जाय, बेन. तमने नाय खबर?" मग त्यांनी रेडिएटर भरला, दोन कॅन पाणी माझ्या पायाशी ठेवलं आणि सांगितलं, "हीटर फुल चालू ठेवा. इंजिनची गरमी आत खेंचशे. गाडी बंद नका करू. बंद केली की खलास."

हायवेवर हीटर फुल. फेब्रुवारीचं दुपारचं ऊन वरून, भट्टीचा वारा पायांवर, मांडीवर लोखंड. घाम डोळ्यांत जात होता. मी विचारलं, "काका, तुम्हाला बायको आहे?" ते म्हणाले, "आहे." बस, तेवढंच. माझी शाळा रस्त्याच्या कडेला आली. मुलं मैदानात रांगेने बसलेली, हेडसर शिट्टी वाजवतायत, सगळं ठीक. मला हुंदकाच आला. "थांबवा!" मी ओरडले. "थांबलो तर परत चालू व्हायची नाही," काका म्हणाले आणि शाळा मागे गेली. खिडकीतून माझी मुलं मला हात करत होती. त्यांना वाटलं, बाई फिरायला निघाल्यात.

हायवे सोडून आतला कच्चा रस्ता लागला. काटा लाल पट्टीच्याही पुढे जाऊन अडकला. बॉनेटमधून पांढरी वाफ, जळका गोडसर वास, इंजिनातून टकटक. एका पाड्याच्या तोंडाशी गाडीने दोन आचके दिले आणि ती मेली.

समोरच्या घराची मागची भिंत अख्खी बसली होती. कौलं अंगणभर. काका दार उघडून उतरले, पण पुढे पाऊल टाकेनात. गाडीच्या टपाला धरून नुसते त्या घराकडे बघत राहिले. मीही पंप धरून तशीच बसून राहिले.

तेवढ्यात घराच्या बाजूने एक बाई आल्या. साठीच्या, पदर खोचलेला, कोपराला खरचटलेलं, हातात फुटकी कौलं. त्यांनी आधी वाफाळती गाडी पाहिली, मग काकांना पाहिलं.

"आज दुपारचेच?" त्या म्हणाल्या.

"पंप गेला," काका म्हणाले.

अस्सं तोंडावर आलं माझ्या, की काय म्हणावं या माणसाला! बाईंनी मात्र कौलं खाली ठेवली, माझ्याकडे आल्या, मला हाताला धरून त्या खड्ड्यातून उपसून काढलं आणि चटईवर बसवून पाणी दिलं. "ह्या कोण? आणि हे मांडीवर काय?"

मी सांगितलं. पंप, पेपर, लाटणं, सगळंच. भीतीने जिभेला ब्रेक राहिला नव्हता. सुलभाताई ऐकत होत्या. अंगणवाड्यांच्या मुख्यसेविका म्हणून रिटायर झालेल्या, बोलणं अगदी रोखठोक. काका दोन हातांच्या अंतरावर उभे होते, तरी त्यांना ऐकू जाईल अशाच बोलल्या.

"माझी आई या घरात शेवटच्या घटका मोजत होती. मी रोज म्हणायचे, चला जाऊ. हे म्हणायचे, पाऊस फार आहे, रस्ता खराब आहे, निरोप बरा आलाय, आज नको, बघू. बघता बघता आम्ही पोचलो तेव्हा तिला नेऊन लोक परत आले होते. मी तेराव्याला राहिले ती राहिलेच. वीस वर्षं होऊन गेली. भांडण नाही, कोर्ट नाही. नुसता उशीर." त्यांनी पदराने कोपर पुसलं. "आता हे धक्के सुरू झाल्यापासून रोज संध्याकाळी येतात. गाडी हायवेकडे तोंड करून लावतात. तासभर आत बसतात. मी कठड्यावर चहा ठेवते, पितात, जातात. कशाला येतात ते काय मला कळत नाही? दुसरी सीट रिकामी करून ठेवतात तेही दिसतं. पण तोंडाने एकदा तरी 'चल' म्हणावं ना माणसाने! गेले असते की नसते, तो माझा प्रश्न. विचारायचं तरी!"

काका सगळं ऐकत होते. मान खाली. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठवतही नव्हतं. मग त्यांनी मान वर केली.

"सुलभा," ते म्हणाले. "चल."

सुलभाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं. बॉनेटमधून अजून वाफ येत होती, खाली मातीत हिरवं थारोळं झालं होतं.

"कशात?" त्या म्हणाल्या.

आणि त्यांना हसू आलं. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून, चांगलं खदखदून. मलाही आवरेना. शेजारच्या अंगणात भेदरून बसलेल्या बायाही कारण न कळता हसायला लागल्या. काका मात्र तोंडावर दोन्ही हात धरून ढसाढसा रडत होते. सुलभाताई उठून त्यांच्यापाशी गेल्या. काकांनी हात काढले नाहीत, तेव्हा ताईंनीच त्यांच्या शर्टाची बाही धरली. "अहो, मला काही झालेलं नाही. बघा तरी," त्या म्हणाल्या. "आज वेळेवर आलात."

तेवढ्यात जमीन पुन्हा हलली. धक्का छोटाच, पण अंगणात सगळे किंचाळले. मी चटईला घट्ट धरलं, जणू ती मला वाचवणार होती. डोळे उघडले तेव्हा ते दोघं एकमेकांना धरून उभे होते आणि काकांचं तोंड ताईंच्या खांद्यात होतं.

थोड्या वेळाने मोटारसायकलवरून रमणभाई आले. पाना-पेटी बांधूनच आले होते, त्यांना अंदाज होताच. माझ्याकडून पंप घेतला, टॉवेल सोडला, बॉनेटखाली वाकून बघितलं आणि जीभ चावली.

"काका, इथेच खोलावी लागेल. इंजिन पण बघावं लागशे. दोन दिवस गाडी उघडी पडेल." मग जरा बिचकतच त्यांनी विचारलं, "चालशे ने?"

काकांनी डोळे पुसले. पडलेल्या भिंतीकडे पाहिलं, ताडपत्री बांधायला शेजाऱ्यांनी रोवलेल्या बांबूंकडे पाहिलं. सुलभाताई चटईवर जरा सरकून बसल्या.

"दोन कशाला? चार लागू देत," काका म्हणाले. "घाई करू नकोस, रमणभाई." आणि ते गाडीकडे पाठ करून सुलभाताईंच्या शेजारी बसले.